आई-बाबांची स्मरणशक्ती आणि पिशवीभर गोळ्या: काय ठेवायचं, काय काढायचं?

सिंहगडरोडकर

नमस्कार. बाबा ७२, आई ६८, दोघं धायरीत राहतात. डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान कोणालाच झालेलं नाही. वर्षभरात बाबांना ओळखीच्यांची नावं पटकन आठवेनाशी झाली आहेत आणि कधी कधी तोच प्रश्न अर्ध्या तासात पुन्हा विचारतात. बँक, वीजबिल, स्वतःची औषधं हे मात्र बिनचूक सांभाळतात. आईची तक्रार वेगळी आहे: डोकं जड राहतं, वाचताना लक्ष लागत नाही, दुपारी गुंगी येते.

बाबांची औषधं: मेटफॉर्मिन १ ग्रॅम दोनदा (१४ वर्षं), ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ, टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोन, अ‍ॅस्पिरिन ७५, पॅन्टोप्राझोल रोज सकाळी. आईची: थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, पायांच्या जळजळीसाठी "नसांच्या शक्तीची" गोळी, झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.२५. आई शुद्ध शाकाहारी, बाबा महिन्यातून एखाद्या वेळी मासे खातात.

याशिवाय नातेवाइकांच्या सल्ल्याने दोघंही घेतात: ब्राह्मी कॅप्सूल, जिंको, ओमेगा-३, मिरीच्या अर्कासह हळदीच्या गोळ्या आणि दर रविवारी ६०,००० युनिटचं ड जीवनसत्त्वाचं पाकीट. पाकिटं दोन वर्षं चालू आहेत. महिन्याला साडेतीन हजार रुपये जातात. यातलं काय उपयोगाचं? तपासण्या कोणत्या करू? आहार-व्यायामाचं नेमकं प्रमाण कोणी सांगू शकेल का?

काउंटरपलीकडून

पिशवीतली एकेक वस्तू घेतो, धोक्याची आधी.

आईंच्या "नसांच्या" गोळीची पट्टी उलटून मागची बारीक अक्षरं वाचा. मिथाइलकोबालामिनबरोबर (बी-१२ चाच एक प्रकार) प्रीगॅबालिन ७५ मिग्रॅ किंवा गॅबापेन्टिन ही मज्जातंतूंच्या दुखण्यावरची औषधं लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. पुढच्या बाजूचं नाव जीवनसत्त्वासारखं वाटतं म्हणून लोक ती वर्षानुवर्षं टॉनिकसारखी घेतात. प्रीगॅबालिनने गुंगी येते, तोल जातो, विचार मंदावतो. मूत्रपिंडाचं काम कमी झालं असेल तर ते शरीरात साचतं. त्यावर अल्प्राझोलाम म्हणजे दुहेरी गुंगी. आईंची लक्षणं याच जोडीला तंतोतंत शोभतात. पण दोन्हींपैकी काहीही एकदम बंद करू नका. प्रीगॅबालिन कमीत कमी आठवडाभर घेऊन टप्प्याटप्प्याने उतरवतात. अल्प्राझोलाम त्याहून खूप हळू, साधारण दर दोन आठवड्यांनी १० ते २५ टक्के, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अचानक सोडलं तर झोप पार उडते, घाबरल्यासारखं होतं आणि फिटही येऊ शकते.

ड जीवनसत्त्वाचं पाकीट: नेहमीची पद्धत आठवड्याला एक, असं आठ आठवडे, मग महिन्याला एक. चिठ्ठीवरचे "आठ आठवडे" विसरले जातात आणि रविवारचं पाकीट घरचा नियम होऊन बसतं. दोन वर्षं दर आठवड्याला म्हणजे रक्तातलं कॅल्शियम वाढण्याचा धोका. त्याची लक्षणं तहान, बद्धकोष्ठता, थकवा आणि गोंधळलेपण. पुढच्या रविवारचं पाकीट थांबवा. दोघांचं २५-हायड्रॉक्सी ड, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासा.

जिंको: काढून टाका. १२० मिग्रॅ दिवसातून दोनदा देऊन अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,००० हून अधिक लोकांना सुमारे सहा वर्षं तपासलं. निकाल २००८ मध्ये आला: डिमेन्शिया टळला नाही, लांबलाही नाही. शिवाय बाबा अ‍ॅस्पिरिनवर आहेत, त्यात रक्तस्रावाचा धोका कशाला वाढवायचा?

हळदीच्या गोळ्या: मिरीतलं पायपरिन यकृतात औषधं मोडणारी यंत्रणा अडवतं, म्हणून कर्क्युमिन जास्त शोषलं जातं. पण त्याच कारणाने इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही वर-खाली होऊ शकतं. पाच-सहा गोळ्या घेणाऱ्या माणसाला हे नको. फोडणीतली हळद चालू द्या, फक्त सुटी, भडक पिवळी पूड घेऊ नका. रंग उजळायला लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार देशात सापडले आहेत आणि शिसं मेंदूचं थेट नुकसान करतं. हळकुंडं आणून दळणार असाल तर चकचकीत पॉलिश केलेली टाळा, खरबरीत मळकट बघून घ्या.

ओमेगा-३: पुढे "१००० मिग्रॅ" लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन. मागे ईपीए आणि डीएचए (तेलातले खरे ओमेगा-३) यांची बेरीज बघा, बऱ्याच कॅप्सूलमध्ये ती ३०० च भरते. निरोगी ज्येष्ठांत मोठ्या चाचण्यांमध्ये स्मरणशक्तीला फायदा दिसलेला नाही. आणि आई शुद्ध शाकाहारी असतील तर हे माशाचं तेल आहे, वेष्टन बहुधा जिलेटिनचं आहे, हे त्यांना सांगायलाच हवं. घ्यायचंच असेल तर शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं.

ब्राह्मी: इथे नावाचाच घोळ आहे. आपल्याकडे दोन वनस्पती याच नावाने विकल्या जातात. बॅकोपा मोनिएरी म्हणजे जलब्राह्मी, तिची पानं लहान, जाडसर, चमच्यासारखी. रोपवाटिकेत कुंडीत ब्राह्मी म्हणून मिळणारी गोल, बेडकाच्या पावलासारखी पानं बहुतेक वेळा मंडूकपर्णीची, म्हणजे सेंटेलाची. स्मरणशक्तीवरचे बरेचसे अभ्यास बॅकोपाच्या प्रमाणित अर्कावर झाले: रोज ३०० मिग्रॅ, १२ आठवडे. शिकलेलं आठवण्यात थोडी सुधारणा दिसली, पण अभ्यास छोटे होते आणि डिमेन्शिया टळतो असा पुरावा त्यात नाही. मळमळ आणि पातळ शौच हे नेहमीचे त्रास, म्हणून उपाशीपोटी नको. नाडी मंद असेल किंवा डोनेपेझिल (डिमेन्शियावरचं औषध) चालू असेल तर टाळावी. डोक्याला लावायचं ब्राह्मी तेल ही वेगळी गोष्ट. त्याने शांत झोप लागत असेल तर खुशाल लावा, स्मरणशक्तीच्या हिशेबात धरू नका.

सर्दीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणत असाल तर तीही बघा. क्लोरफेनिरामिन, पोटदुखीचं डायसायक्लोमिन, खाजेचं हायड्रॉक्सीझिन ही औषधं मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिन (स्मरणशक्तीला लागणारं रसायन) अडवतात. सत्तरीत तीन दिवसांच्या सर्दीच्या गोळीनेही माणूस गोंधळतो.

वार्धक्यवैद्यक

वरच्याशी सहमत. आता तपासण्या.

पहिली बी-१२, आणि पुण्यात तर ती पहिलीच. के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला: ६७ टक्क्यांत बी-१२ कमी, शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के. बाबांच्या बाबतीत त्यावर आणखी दोन कारणं: मेटफॉर्मिनमुळे आतड्यात बी-१२ कमी शोषलं जातं, आणि पॅन्टोप्राझोलने आम्ल घटलं की अन्नातलं बी-१२ प्रथिनापासून सुटतच नाही. रोजचं पॅन्टोप्राझोल कशासाठी चालू आहे हेही विचारा. अ‍ॅस्पिरिनमुळे पोटाच्या संरक्षणासाठी असेल तर ठीक, नुसत्या सवयीने असेल तर काढता येईल.

बी-१२ मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता; २०० ते ३०० संशयाची पातळी, तिथे होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) बघायचं. आईंच्या गोळीत मिथाइलकोबालामिन असल्याने त्यांचा बी-१२ चा आकडा भरपूर दिसेल, त्यावर विसंबू नका. त्यांचंही होमोसिस्टीन करा. यात एक चूक सर्रास होते. रक्त काढल्यावर नळी बर्फात ठेवून तासाभरात यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करायला हव्यात, नाहीतर रक्तपेशींतून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं आणि आकडा खोटा वाढतो. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा आणखी चार घरं करून प्रयोगशाळेत पोचतो. म्हणून ही तपासणी उपाशीपोटी, प्रयोगशाळेत जाऊनच करा.

कमतरता निघाली आणि हातापायांना मुंग्या किंवा चालताना तोल जात असेल तर इंजेक्शनं. एरवी १,००० मायक्रोग्रॅमची गोळी रोज चालते. आतड्याची नेहमीची वाट बंद असली तरी एवढ्या मोठ्या मात्रेतला सुमारे एक टक्का थेट झिरपतो आणि तो पुरतो. बी-१२ न तपासता फॉलिक अ‍ॅसिड सुरू करू नका. रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. बी-६ रोज ५०-१०० मिग्रॅ वर्षानुवर्षं घेतलं तर तेच पायांची जळजळ करतं, म्हणून "फोर्टे" गोळ्यांमधला आकडा वाचा.

बी-१२ ने सगळ्यांची स्मरणशक्ती वाढते असं मात्र नाही. ऑक्सफर्डच्या २०१० मधल्या चाचणीत, सौम्य विस्मरण असलेल्या १६८ ज्येष्ठांपैकी साधारण निम्म्यांना बी-६, बी-१२ आणि फॉलिक अ‍ॅसिड दोन वर्षं दिलं. त्यांच्यात मेंदू आक्रसण्याचा वेग मंदावला, आणि ज्यांचं होमोसिस्टीन मुळात जास्त होतं त्यांच्यात सर्वाधिक. उणीव असेल तिथेच गोळी कामाला येते.

दुसरं, सोडियम. बाबांचं क्लोरथॅलिडोन (लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं रक्तदाबाचं औषध) चालू, वय ७२, आणि घरात कोणी "मीठ बंद" सांगितलं असेल तर सोडियम उतरतं आणि सुस्ती, गोंधळ, पडणं सुरू होतं. शिवाय टीएसएच (थायरॉइड), हिमोग्लोबिन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल). आईंची थायरॉक्सिनची गोळी फक्त पाण्याबरोबर आणि चहाच्या आधी निदान अर्धा तास. उठल्या उठल्या चहाबरोबर घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने.

तिसरं, रक्तदाब, आणि माझ्या मते साडेतीन हजारांतले पहिले पैसे दंडाला लावायच्या चांगल्या यंत्रावर जावेत. मनगटाचं नको. लघवी करून या, पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. सकाळी गोळीआधी दोन आणि संध्याकाळी दोन वाचनं, मध्ये एक मिनिट. सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर रक्तदाब जास्त. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवल्यावर सौम्य विस्मरणाचं प्रमाण साधारण एक पंचमांशाने घटलं (२०१९). कोणत्याही कॅप्सूलने एवढं करून दाखवलेलं नाही. पण त्या चाचणीत मधुमेही नव्हते, त्यामुळे बाबांचा आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्या. उभं राहून एक आणि तीन मिनिटांनीही मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर औषध वाढवायचं नाही.

ग्लिमेपिराइड आणि उपवास ही जोडी फार जपून. संकष्टीला गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत नुसत्या चहावर राहिलं तर साखर ७० च्या खाली जाते. पुन्हा पुन्हा साखर उतरणं आणि पुढचा डिमेन्शिया यांचा संबंध दिसलेला आहे. उपवासाच्या दिवशीची मात्रा आधी विचारून ठेवा.

बाबा गेल्या काही महिन्यांत पडले असतील, डोक्याला किरकोळ लागलं असेल तरी सांगा. अ‍ॅस्पिरिनवर असलेल्या माणसाच्या कवटीखाली रक्त हळूहळू साचतं आणि काही आठवड्यांनी विसराळूपणा म्हणून दिसतं.

ताटातलं

आहाराबद्दल. शाकाहारी पुणेरी ताटात प्रथिनं कमी पडतात. साठीनंतर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात (क्रिएटिनिन वाढलेलं नसेल तर). ६० किलो वजनाला किमान ६०. आता मोजा: पाव लिटर दूध ८, वाटीभर दही ५, चार पोळ्या १३, ३० ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण ७, तेवढ्याच मटकीची उसळ ७, पनीर ५० ग्रॅम ९, शेंगदाणे २० ग्रॅम ५. बेरीज ५४. एवढं रोज खाऊनही कमी पडतं, आणि बहुतेक घरांत आमटी इतकी पातळ असते की वाटीत डाळ दोन चमचेच येते. आणखी एक उसळ किंवा हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं घाला. रात्री दूध-पोळीवर भागवायची सवय आधी बदला.

दुधातून बी-१२ मिळतं, पाव लिटरला साधारण १ मायक्रोग्रॅम, तेव्हा दोन पेले दूध आणि दही हा पाया ठेवा. पण झालेली कमतरता नुसत्या दुधाने भरून निघत नाही. स्पिरुलिनात असतं त्याचा शरीराला उपयोग नाही आणि इडलीच्या आंबवणावरही भरवसा ठेवता येत नाही.

जवस भाजून चटणी करा, रोज एक मोठा चमचा. अख्खे जवस तसेच बाहेर पडतात, कुटलेच पाहिजेत. कूट आठवडाभराचंच करून काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये. मात्र जवसातल्या ओमेगा-३ चं डीएचएत रूपांतर फारच थोडं होतं, हे लक्षात ठेवून खा. मेथी, पालक, चवळई, शेवग्याचा पाला यांपैकी एक पालेभाजी रोज. मीठ दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे सपाट छोटा चमचा, त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. बंद नाही, कमी. साबुदाण्याच्या खिचडीऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी बरी, तरी ताटात वरी मोजकीच.

एक खास आहार पाळला की झालं, असंही नाही. पालेभाज्या, कडधान्यं, बेरी फळं यांवर भर देणाऱ्या "माइंड" आहाराची ६०४ जणांवरची तीन वर्षांची चाचणी २०२३ मध्ये आली; तुलनेच्या गटापेक्षा ठळक फरक निघाला नाही. फिनलंडमधल्या २०१५ च्या चाचणीत मात्र ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांत आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दोन वर्षं केल्यावर फरक दिसला.

सिंहगडरोडकर

पट्टी पाहिली. प्रीगॅबालिन ७५ आहेच. डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली आहे. बाबा सकाळी सहाला सिंहगड रस्त्याने ४५ मिनिटं चालतात आणि सुडोकू सोडवतात, एवढं पुरे का? टीव्हीचा आवाजही हल्ली फार मोठा ठेवतात.

चालणं_बोलणं

टीव्हीच्या आवाजाचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण मी तिथूनच सुरू करतो. ऐकू कमी येणं हे डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून आधी मळ काढून घ्या. निम्म्या तक्रारी तिथे संपतात असं म्हणणार नाही, पण मळ असताना केलेली श्रवणचाचणी वाया जाते. मग बंद खोलीतली ऑडिओमेट्री. यंत्र लागलं तर ते कपाटात का पडून राहतं, तर पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये घालतात, भांडी आणि पंखे कानात आदळतात आणि काढून ठेवतात. सुरुवात घरात शांत वेळी दोन तास, रोज तासभर वाढवत पूर्ण दिवस, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जुळवून घ्यायला जायचंच. २०२३ मध्ये ७० ते ८४ वयाच्या जवळपास हजार जणांवरच्या चाचणीत सरसकट फायदा दिसला नाही; ज्यांचा धोका मुळात जास्त होता त्या गटात तीन वर्षांतली घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या बाबांसाठी म्हणूनच चालढकल नको.

चालणं: ४५ मिनिटं उत्तम, रस्ता वाईट. वाहनांचा धूर हे स्वतंत्र धोक्याचं कारण आहे आणि थंडीत पहाटे तो जमिनीलगत साचून राहतो. तळजाईला किंवा जवळच्या बागेत जा, हिवाळ्यात ऊन वर आल्यावर. वेग असा की बोलता येईल, गाता येणार नाही. आठवड्याला १५० मिनिटं. काही न खाता निघत असतील तर खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवा, ग्लिमेपिराइड आहे.

नुसतं चालणं पुरत नाही, ताकदीचं आणि तोलाचं वेगळं करावं लागतं. हात छातीवर घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठबस करायला १५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर पाय कमजोर आहेत. आठवड्यातून तीन दिवस आठ-आठच्या दोन फेऱ्या, दोन आठवड्यांनी दहाच्या तीन. आईंनी उंच खुर्ची घ्यावी, गुडघ्यावरचा ताण कमी होतो. ओट्याला धरून एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून दहा सेकंद उभं राहायचं, मग तीसपर्यंत न्यायचं. पहिल्याच आठवड्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायला नेऊ नका. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना, आणि मग सगळंच महिनाभर बंद पडतं.

सुडोकूने माणूस सुडोकूत तरबेज होतो. नवं आणि थोडं अवघड असं काही हवं, शक्यतो चार माणसांत: पेटी शिकणं, मोडी लिपीचा वर्ग, ब्रिज, ज्येष्ठ नागरिक संघात पाठांतर करून काही सादर करणं.

मोठमोठ्याने घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, तेही आईंना विचारा. असेल तर झोपेची तपासणी करून घ्या.

नदीपात्र

एक भर. रोजच्या मल्टिव्हिटॅमिनबद्दल कोणी लिहिलं नाही. अमेरिकेतल्या कॉसमॉस चाचणीत ज्येष्ठांना ते देऊन स्मरणशक्तीत थोडा फायदा दिसला, २०२२ पासून निकाल येत आहेत. कोकोच्या अर्काचा काही उपयोग झाला नाही. एवढ्या गोळ्या काढणार असाल तर एक साधी मल्टिव्हिटॅमिन ठेवायला हरकत नसावी.

वार्धक्यवैद्यक

बरोबर, हरकत नाही, फरक छोटा आहे आणि डिमेन्शिया टळल्याचं त्यात दाखवलेलं नाही. पण रक्त देण्याआधी सुरू करू नका, कारण त्यातही बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड आणि ड असतं.

उद्या डॉक्टरांकडे जाताना सगळ्या पट्ट्या, डबे, पाकिटं एका पिशवीत घालून न्या. तोंडी यादीतून नेमकी सर्दीची गोळी सुटते. बाबांची मराठीतली मोका चाचणी (स्मरणशक्ती आणि विचारशक्तीची छोटी प्रश्नोत्तरी) करायला सांगा, आकडा आणि तारीख लिहून ठेवा, सहा-बारा महिन्यांनी तुलनेला तोच लागतो. त्या दिवशी चष्मा लावलेला हवा आणि कानातला मळ आधी काढलेला हवा, नाहीतर न ऐकू आलेला शब्द विसरलेला धरला जातो. आईंची चाचणी आत्ता नको. प्रीगॅबालिन पूर्ण उतरल्यावर आणि अल्प्राझोलामचं ठरल्यावर, महिन्याभराने करा. आणि कोणी तिथल्या तिथे बी-१२ चं इंजेक्शन द्यायला निघालं तर आधी रक्त काढून घ्यायला सांगा.